उकिरड्यावरून तथागतांच्या चरणांपर्यंत : वैद्य जीवक

तथागत भगवान बुद्धांच्या काळातले राजे आपल्या पोरांना पाठ असतात. बिंबिसार, प्रसेनजित, अजातशत्रू. धम्माची परीक्षा असली की ही नावं झटक्यात येतात. पण ज्या माणसाने तथागतांच्या पायाची जखम औषध लावून बांधली आणि त्या पट्टीच्या काळजीने एक अख्खी रात्र तळमळत काढली, त्याचं नाव विचारलं तर पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत आम्ही वैद्य जीवकावर लिहायचं ठरवलं.

परमपूज्य बाबासाहेबांनी मात्र त्याला विसरू दिलेलं नाही. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात जीवकाच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र प्रकरण आहे. राजा बिंबिसार, अनाथपिंडिक, राजा प्रसेनजित यांच्या रांगेत बाबासाहेबांनी त्याला बसवलं. बाबासाहेब जागा देताना विचार करून देत, हे आपण जाणतो. जीवकाची मूळ हकीकत विनयपिटकातल्या महावग्गात, आठव्या खंधकात सविस्तर आलेली आहे. आम्ही तिच्याच आधाराने पुढे जातो.

त्या काळी वैशाली नगरी भरभराटीला आलेली होती आणि तिथल्या आम्रपालीचा बोलबाला सगळीकडे होता. राजगृहाचा एक बडा श्रेष्ठी वैशालीला जाऊन आला आणि त्याने राजा बिंबिसाराला सुचवलं की आपल्याही नगरात अशी गणिका असावी. राजाने होकार दिला. शालवती नावाची एक देखणी मुलगी त्या कामी नेमली गेली. पुढे तिला दिवस गेले. गरोदर गणिकेकडे कोण फिरकणार, या भीतीने तिने दुखण्याचं निमित्त सांगून दार लावून घेतलं, मूल झालं, आणि दासीकरवी ते एका जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकून दिलं. काही लेखक इथे शालवतीला बोल लावतात. आम्ही लावत नाही. नगराच्या शोभेसाठी एका पोरीला गणिका करायचं ठरवलं ते श्रेष्ठीने आणि राजाने. तिच्या पदरात पडलं ते तिने निस्तरलं.

राजपुत्र अभय सकाळी राजाच्या भेटीला निघाला होता. उकिरड्यावर कावळ्यांनी कशाला तरी गराडा घातलेला त्याला दिसला. त्याने चौकशी केली, तर लोक म्हणाले मूल आहे. जिवंत आहे का, असं त्याने विचारलं, तर जिवंत आहे असं उत्तर आलं. त्या जिवंत शब्दावरून पोराचं नाव पडलं जीवक. कुमाराने वाढवला म्हणून कौमारभृत्य, पालीत कोमारभच्च. काही अभ्यासक कौमारभृत्य याचा अर्थ बालरोगांचा वैद्य असाही लावतात. आयुर्वेदात त्या शाखेचं तेच नाव आहे.

पोरगं वाड्यात वाढलं, कळतं झालं, तेव्हा त्याने अभयाला विचारलं की माझी आई कोण, बाप कोण. अभयाने खरं ते सांगितलं. आई कोण ते मला माहीत नाही, पण मी तुला वाढवलं म्हणून मीच तुझा बाप. यावर जीवकाने जो विचार केला तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. राजवाड्यात हुन्नर नसलेल्या माणसाचा निभाव लागणं कठीण, तेव्हा आपण एखादं शास्त्र शिकलं पाहिजे. कुळ नाही, गोत्र नाही, वतन नाही. मग हातात विद्या तरी हवी. तो कुणाला न विचारता तक्षशिलेला निघाला. तक्षशिला आज पाकिस्तानात, रावळपिंडीजवळ आहे. राजगृहापासून अंतर दीड हजार किलोमीटरच्या वर. या प्रवासाचं वर्णन ग्रंथात एका ओळीत उरकलेलं आहे, पण नकाशा समोर ठेवून बघा, मग कळतं.

तिथे एका नामांकित आचार्याकडे तो सात वर्षं शिकला. पुष्कळ शिकला, लवकर शिकला, शिकलेलं विसरला नाही. तरी या विद्येचा अंत कुठे दिसेना, तेव्हा त्याने आचार्यांना विचारलं की हे कधी संपणार. आचार्यांनी त्याच्या हाती जमीन उकरायचं खोरं दिलं आणि सांगितलं की तक्षशिलेच्या चारही अंगांना योजनभर हिंड आणि जे औषधी नाही असं काही दिसलं तर घेऊन ये. जीवक हिंडला. मुळं उकरली, पानं चोळून पाहिली, साली चाखल्या असतील. आणि रिकाम्या हाताने परत आला. औषधी नाही असं त्याला काहीच सापडलं नाही. आचार्य म्हणाले, झालं तुझं शिक्षण, एवढ्यावर तू पोट भरशील. आणि वाटखर्चाला थोडे पैसे दिले.

विद्यापीठं आता मोठमोठी झाली, पण अशी परीक्षा घेणारं एखादं आम्हाला ठाऊक नाही. जो स्वतः टाकाऊ म्हणून फेकला गेला होता, त्याच्याच तोंडून हा निकाल निघाला की रानात टाकाऊ असं काही नाही.

परतीच्या वाटेवर साकेत नगरीत पैसे संपले. तिथे एका श्रेष्ठीची बायको सात वर्षं डोकेदुखीने हैराण होती. मोठमोठे वैद्य येऊन पैसे घेऊन गेले होते. जीवकाने निरोप पाठवला तर बाईने विचारलं, वैद्य कसा आहे. तरुण आहे म्हटल्यावर तिने नको म्हणून सांगितलं. जीवकाने परत निरोप धाडला की आधी काही देऊ नका, बरं वाटलं तर मनाला येईल ते द्या. मग त्याने ओंजळभर तूप वनस्पती घालून कढवलं आणि बाईला उताणं निजवून नाकातून दिलं. तूप तोंडातून बाहेर आलं. बाईने ते भांड्यात थुंकलं आणि दासीला कापसाने टिपून ठेवायला सांगितलं. जीवक मनात चरकला, ही एवढी चिक्कू बाई मला काय देणार! बाईने ते ओळखलं. तिने सांगितलं की आम्ही संसारी माणसं, हे तूप नोकरांच्या पायांना चोळायला होईल, दिव्यात घालायला होईल, तुमची दक्षिणा बुडणार नाही. आमच्या वस्तीतल्या आयाबायांना ही बाई नक्की पटेल. ती बरी झाली. तिने चार हजार दिले, मुलाने चार हजार, सुनेने चार हजार, नवऱ्याने चार हजार आणि वर दास, दासी, घोड्यांचा रथ.

ही पहिली कमाई, सोळा हजार, जीवकाने नेऊन अभयापुढे ठेवली, मला वाढवल्याबद्दल म्हणून. अभयाने घेतली नाही. आमच्याच वाड्याच्या आवारात घर बांधून राहा, म्हणाला.

त्या सुमारास राजा बिंबिसाराला भगंदर झालं होतं. वस्त्राला रक्ताचे डाग पडत आणि राण्या थट्टा करीत. राजा लाजून गेला होता. जीवकाने नखाच्या टोकावर औषध नेलं आणि एका लेपात दुखणं बरं केलं, असं ग्रंथ सांगतो. एका लेपात की दहा, यावर आम्ही वाद घालणार नाही. महत्त्वाचं हे की त्याने मंत्र म्हटला नाही, होम केला नाही, ग्रहशांती सांगितली नाही. राजाने पाचशे स्त्रियांच्या अंगावरचे दागिने त्याच्यापुढे ढीग करून ठेवले, ते त्याने नाकारले. माझ्या सेवेची आठवण ठेवा, एवढंच मागितलं. तेव्हा राजाने त्याला आपला, अंतःपुराचा आणि बुद्धप्रमुख भिक्खुसंघाचा वैद्य नेमलं.

इथे थोडं थांबून त्या काळचं जखमेचं औषधपाणी काय होतं ते पाहू. महावग्गाच्या सहाव्या खंधकात भिक्खूंना कोणती औषधं चालतील याची यादी आहे, आणि ती वाचताना आपण आजीच्या बटव्यात हात घातल्यासारखं वाटतं. मुळांमध्ये हळद, आलं, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा. तुरट काढ्यांमध्ये कडुनिंब, कुडा, पडवळ, करंज. पानांमध्ये निंब, तुळस, कापूस. फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरे, हिरडा, बेहडा, आवळा. एका भिक्खूला गळू झालं तेव्हा काय करावं हेही पायरी पायरीने दिलं आहे. शस्त्राने फोडा. तुरट काढ्याच्या पाण्याने धुवा. तिळाचा कल्क लावा. लुगदी ठेवा. जखमेवर पट्टी बांधा. खाज सुटली तर मोहरीची पूड टाका. चिघळली तर धुरी द्या. मांस वर आलं तर मिठाच्या खड्याने काढा. भरत नसेल तर जखमेला तेल, आणि ते तेल ओघळू नये म्हणून कापडाची पट्टी. कुणी भिक्खू आजारी पडून अडचण सांगे आणि तथागत एकेक गोष्टीला परवानगी देत, अशी ही यादी वाढत गेलेली आहे.

यात अर्थ आहे. तुरट सालींत टॅनिन नावाचं द्रव्य असतं. ते जखमेचा पृष्ठभाग आवळून धरतं, पाझर कमी करतं. कडुनिंबात जंतू मारण्याचा गुण आहे. हळदीत कुर्क्युमिन आहे, त्याने सूज उतरायला मदत होते. मध तर भिक्खूंना मुभा असलेल्या पाच औषधांपैकी एक. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ अशी ती पाच. मध आम्लधर्मी असतो आणि पाणी ओढून घेतो, त्यामुळे त्यात जंतू वाढत नाहीत. आज दवाखान्यातसुद्धा शुद्ध केलेल्या मधाच्या पट्ट्या जखमेला वापरतात.

हळदीवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. म्हणजे आपल्या घरातल्या चिमटीवर दुसऱ्याचा हक्क! भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, तेव्हा आपले गोव्याच्या माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक होते, जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून हजर केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करायला लावलं. लिहून ठेवलेलं कामाला येतं ते असं. महावग्गाच्या यादीत हळद पहिल्या क्रमांकाला आहे, हे आपल्या उपासक-उपासिकांना माहीत असावं.

गिरणीत धोटा उडून लागला किंवा बोट साच्यात सापडलं की आम्ही कामगारसुद्धा आधी हळदच शोधतो. गावाकडे दगडी पाला चुरगाळून त्याचा रस लावतात, त्याला एकदांडीही म्हणतात. तो मात्र जीवकाच्या काळी नव्हता. ती वनस्पती मूळची अमेरिकेकडची, फार नंतर इकडे आली आणि रस्त्याकडेला पसरली. जीवक असता तर तिचीही परीक्षा घेतली असती. पण एक सांगतो. वस्तीत जखमेवर तंबाखू, चुना, शेण लावणारे अजून आहेत. हे जीवकाचं शास्त्र नव्हे. लोखंड लागलं, जखम खोल असली तर स्वच्छ पाण्याने धुऊन सरळ दवाखाना गाठावा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. साखरेचा आजार असलेल्यांनी पायाच्या बारीक फोडालाही घरगुती लेपावर सोडू नये.

तथागत औषधाला मोकळे होते तसे हाताच्या कौशल्याला जपणारेही होते. राजगृहातच आकाशगोत्र नावाचा एक वैद्य होता. त्याने एका भिक्खूचं भगंदर शस्त्राने फोडलं आणि तथागत तिकडून येताना दिसल्यावर त्या जखमेची चेष्टा केली. ती जागा नाजूक, कातडी कोवळी, जखम भरायला अवघड. तथागतांनी त्या ठिकाणी शस्त्रकर्म करायला बंदी घातली. भगंदर तेच, नगर तेच. एक वैद्य लेपाने बरं करतो आणि दुसरा फाडून वर हसतो.

आता आमच्या मनातली गोष्ट. जो हात पू पुसतो, रक्त धुतो, त्या हाताला या देशात काय मिळालं? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला न बोलावण्याच्या लोकांत वैद्य आहे, आणि चौथ्या अध्यायात वैद्याचं अन्न खाऊ नये, ते पुवासारखं, असं सांगितलेलं आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी जे पुस्तक जाळलं ते हेच. आणि तथागत? महावग्गाच्या ज्या खंधकात जीवकाची गोष्ट आहे, त्याच खंधकात पुढे अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेला एक भिक्खू आहे. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, स्वतः पाणी ओतलं, दोघांनी मिळून त्याला धुऊन खाटेवर ठेवलं. मग संघाला समजावलं की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. चांगला शुश्रूषा करणारा कोण हेही तिथे दिलं आहे. औषध तयार करता येणारा, पथ्य जाणणारा, लोभाने नव्हे तर मैत्रीने करणारा, लघवी-शौच-थुंकी-ओकारी उचलायला न किळसणारा, आणि धम्माच्या गोष्टी सांगून धीर देणारा. आपल्या आयाबहिणी दवाखान्यांत आया म्हणून, सफाई कामगार म्हणून, नर्स म्हणून जे करतात ते याहून वेगळं काय आहे?

जीवकाच्या मोठ्या शस्त्रक्रियांच्या हकीकती प्रसिद्ध आहेत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीचं डोकं उघडून त्याने दोन किडे काढले, कातडी शिवली, लेप लावला. त्याआधी त्याने सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या, सात महिने उताणं पडून राहायचं कबूल करून घेतलं होतं. प्रत्यक्षात श्रेष्ठीने सात-सात दिवसच काढले आणि बरा झाला. जीवक म्हणाला, मी सात महिने म्हटलं म्हणून तर तू एवढा तरी पडून राहिलास. वाराणसीच्या श्रेष्ठीपुत्राच्या आतड्याला कोलांट्या मारून पीळ पडला होता. त्याचं पोट उघडून, पीळ सोडवून, शिवून, लेप लावला. किड्यांची गोष्ट जशीच्या तशी घ्यावी असा आमचा आग्रह नाही. पण शिवणं, लेप आणि पडून राहणं हे वैद्यालाच सुचतं.

उज्जैनीच्या राजा प्रद्योताची कथा तर पोरं हसून हसून ऐकतात. त्याला कावीळ, आणि तुपाची शिसारी. जीवकाने तूप काढ्यात असं कढवलं की रंग, वास, चव सगळं तुरट काढ्याचं. आधीच कोणतंही वाहन घेऊन कोणत्याही दरवाजाने जायची परवानगी काढून ठेवली, राजाला औषध पाजलं आणि भद्दवतिका नावाच्या हत्तिणीवर बसून पळाला. तुपाची ढेकर आल्यावर राजा खवळला आणि काक नावाचा वेगवान दास मागे सोडला. कोसंबीला त्याने गाठलं. जीवकाने आपल्या नखातलं औषध लावून अर्धा आवळा त्याला खायला दिला, तो तिथेच जुलाबाने आडवा. जीवक हत्तीण त्याच्या हवाली करून राजगृहाला निघून गेला. रोग्याला फसवून औषध द्यावं का, हा प्रश्न आमच्याही मनात येतो. पण राजाच्या हाती तलवार असते आणि वैद्याच्या हाती नख, हेही खरं. राजा बरा झाला आणि त्याने शिवी देशाची उंची वस्त्रं पाठवली. ती जीवकाने स्वतः न वापरता तथागतांना दान दिली. तोवर भिक्खू चिंध्यांची चीवरं वापरत. या दानापासून उपासकांनी दिलेलं चीवर घ्यायला परवानगी मिळाली. आज आपण वर्षावासानंतर चीवरदान करतो त्याच्या मुळाशी जीवक आहे. चंक्रमणाची जागा आणि घाम काढायची न्हाणी भिक्खूंना मिळावी ही विनंतीही त्याचीच.

एक गोष्ट मात्र आम्हाला बोचते. मगधात कुष्ठ, गंड, किलास, क्षय, अपस्मार या पाच रोगांची साथ आली तेव्हा लोक जीवकाकडे आले. सगळं धन घ्या पण बरं करा, म्हणाले. जीवकाने सांगितलं की राजा, अंतःपुर आणि संघ यांतून मला सवड नाही. मग लोक औषधासाठी मुंडण करून संघात शिरू लागले. भिक्खू त्यांची सेवा करीत, जीवक औषध देई. एकजण बरा होऊन चीवर उतरवून निघून गेला, तो जीवकाला रस्त्यात दिसला. तेव्हा जीवकाच्या विनंतीवरून तथागतांनी या पाच रोगांच्या माणसांना प्रव्रज्या न देण्याचा नियम केला. नियमाचं कारण कळतं, संघ म्हणजे इस्पितळ नव्हे. पण दाराशी आलेल्या गरिबाला सवड नाही हे ऐकावं लागलं, तेही उकिरड्यावरून उचललेल्या वैद्याकडून. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात मात्र त्याची दुसरी बाजू धरली आहे. जीवक भिक्खू झाला नाही तो गरिबांना आणि जखमींना औषधोपचार करायला मोकळा राहावा म्हणून, असं त्यांनी लिहिलं. आम्ही दोन्ही गोष्टी मुलांना सांगतो.

देवदत्ताने गृध्रकूटावरून शिळा लोटली ती तथागतांच्या जीवावर. शिळा अडली, पण तिची कपची उडून तथागतांच्या पायाला लागली, रक्त आलं. भिक्खूंनी त्यांना आधी मद्दकुच्छीला आणि मग जीवकाच्या आमराईत आणलं. जीवकाने जखमेवर तीव्र औषध लावून पट्टी बांधली. धम्मपदाच्या अट्ठकथेत पुढचं येतं. त्याला नगरात एका रोग्याकडे जायचं होतं. मी येऊन सोडेपर्यंत पट्टी अशीच राहू द्या, असं सांगून तो गेला. परत यायला उशीर झाला आणि नगराचे दरवाजे बंद झाले. औषध तीव्र, ते ठराविक वेळेला उतरवलं नाही तर रात्रभर आग होईल. जीवक आत अडकला. इकडे तथागतांनी ती वेळ ओळखून आनंदाकडून पट्टी सोडवून घेतली. जखम भरलेली होती. पहाटे दार उघडताच जीवक धावत आला आणि रात्री फार त्रास झाला का, असं त्याने विचारलं. तथागतांनी त्याला समजावलं की ज्याचा मनाचा दाह विझला त्याला तो दाह होत नाही. अनुभवी वैद्यालासुद्धा बांधलेली पट्टी रात्री झोपू देत नाही, हे त्यातून दिसतं.

हीच आमराई जीवकाने संघाला दिली होती. बाप बिंबिसाराला मारून गादीवर बसलेला अजातशत्रू पौर्णिमेच्या रात्री बेचैन झाला, तेव्हा त्याला इथेच घेऊन आला तो जीवकच. साडेबाराशे भिक्खू असूनही एवढी शांतता की राजाला दगा होतोय असं वाटलं. जीवकाने धीर देऊन त्याला मंडपात जळणाऱ्या दिव्यांकडे नेलं. त्या रात्रीचा उपदेश सामञ्ञफल सुत्तात आहे.

राजगीरला जाल तेव्हा गृध्रकूटाच्या वाटेवर ही जागा लागते. उत्खननात निघालेले लांबट गोल दालनांचे दगडी पाये तिथे आहेत. बहुतेक मंडळी रोपवेच्या रांगेच्या घाईत तिथून पुढे निघून जातात. गाडी तिथे थोडा वेळ थांबवायला सांगा, आणि पोरांना खाली उतरवा.